स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळ: सर्व्हिसिंग करावे की मशीनच बदलावे?

कोकणात ज्या घरातला एखादा तरी माणूस दुबई, कुवेत किंवा मस्कतला नोकरीला होता, त्या घराच्या कपाटात बहुधा एखादे सिको फाइव्ह किंवा सिटिझनचे ऑटोमॅटिक घड्याळ सापडते. त्याच्या शेजारी वडिलांचे एचएमटी असते आणि अलीकडे घरातल्या मुलाने ऑनलाइन मागवलेले एनएच३५ मशीनचे नवे घड्याळही असते. यांपैकी एखादे बंद पडले किंवा मागेपुढे होऊ लागले की सर्व्हिसिंगचा खर्च एका बाजूला आणि नव्या मशीनची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवून निर्णय घेतला जातो. ही पद्धत मला अपुरी वाटते, कारण मशीन कशामुळे बिघडले याचा त्या हिशेबात विचारच नसतो. आपल्या किनाऱ्यावर मशीन बिघडण्यामागे केसमधून, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचातून, आत शिरलेली दमट, खारी हवा फार वेळा असते आणि ती वाट बुजवली नाही, तर सर्व्हिसिंग केलेले जुने मशीन काय किंवा नवे मशीन काय, दोन्ही त्याच मार्गाने जातात. म्हणून पुढील पायऱ्या आधी कारण, मग मशीनची ओळख आणि शेवटी पैसे या क्रमाने मांडल्या आहेत.

मशीन कोणते, हे आधी ठरवावे

सिकोच्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर ‘७एस२६-००२०’ अशा स्वरूपाचा आकडा असतो. त्यातला पहिला भाग मशीनचा आणि दुसरा केसचा. त्याच झाकणावर सहा अंकी अनुक्रमांक असतो. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना दाखवतो. अनुक्रमांक ‘४२’ने सुरू होत असेल, तर घड्याळ ४ हा शेवटचा अंक असलेल्या वर्षाच्या फेब्रुवारीतले. ७एस२६ हे मशीन १९९६ मध्ये आले, त्यामुळे ते २००४ चे किंवा २०१४ चे असणार आणि घरातल्या कुणाला तरी ते कधी आणले हे आठवत असतेच. झाकण एका काळातले आणि आतले मशीन दुसऱ्याच काळातले असेल, तर घड्याळात आधी हात फिरलेला आहे असे समजावे. बाजारात रंगवलेल्या डायलची, जोडजाड केलेली सिको आणि एचएमटी घड्याळे भरपूर फिरतात, त्यामुळे ही तपासणी वाया जात नाही.

अलीकडच्या स्वस्त घड्याळांत सिको समूहाचे एनएच३५ किंवा एनएच३६, सिटिझन समूहातल्या मियोटाचे ८२०० मालिकेतले मशीन, किंवा २८१३ नावाचे चिनी मशीन असते. एनएच३५ फक्त तारीख दाखवते, एनएच३६ वारही दाखवते. सिकोच्या स्वतःच्या घड्याळात हीच मशीन ४आर३५ आणि ४आर३६ या नावांनी येतात. २०१९ मध्ये नव्याने आणलेल्या सिको फाइव्ह स्पोर्ट्समध्ये ४आर३६ आहे.

जे बिघाड नाहीत, ते बाजूला काढावेत

घड्याळजीकडे येणाऱ्या तक्रारींत काही तक्रारी मशीनच्या स्वभावाच्या असतात. ७एस२६ ला चावी फिरवून भरता येत नाही, आणि वेळ लावताना त्याचा सेकंदकाटा थांबत नाही. त्याची रचनाच तशी आहे. मियोटाच्या ८२१५ चा रोटर, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरणारे वजन, एकाच दिशेने फिरताना स्प्रिंग भरतो आणि उलट दिशेने मोकळा, सुर्रकन फिरतो. तो आवाज ऐकून मशीन खिळखिळे झाले असे समजू नये. याच मशीनचा सेकंदकाटा धक्का बसल्यावर क्षणभर अडखळतो, तेही चालते. एनएच३५ साठी उत्पादकाने दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे इतकी मोकळीक ठेवलेली आहे. दिवसाला पंधरा सेकंद पुढे जाणाऱ्या घड्याळाची तक्रार घेऊन कुणी सर्व्हिसिंगचा आग्रह धरत असेल, तर त्याला फक्त रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करणारी छोटी पट्टी) किंचित हलवून घ्यायला सांगावे.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागले, तर पहिला संशय चुंबकत्वाचा घ्यावा. मोबाईलच्या कव्हरमधले चुंबक, स्पीकर, मिक्सरची मोटर यांच्याजवळ घड्याळ पडून राहिले की चाल राखणाऱ्या बारीक स्प्रिंगची, म्हणजे हेअर स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि चाल वाढते. साध्या होकायंत्राजवळ घड्याळ हळूहळू फिरवावे. सुई हलली तर चुंबकत्व आहे. ते काढणे घड्याळजीचे मिनिटभराचे काम आहे आणि त्यासाठी मशीन उघडावेही लागत नाही.

घरी करायच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी घड्याळ पूर्ण भरल्यावर किती तास चालते याची आहे. एनएच३५ ला चावीचे पन्नास-साठ फेरे द्यावेत. ऑटोमॅटिक मशीनमध्ये घड्याळ चालवणारी मेन स्प्रिंग भरल्यावर तिचे टोक, ती ज्या गोल डबीत असते त्या पिंपाच्या भिंतीवरून घसरते, त्यामुळे चावी अडणार नाही आणि जास्त फेऱ्यांनी काही तुटणारही नाही. ७एस२६ मात्र दिवसभर हातात घालूनच भरावे. मग घड्याळ टेबलावर डायल वर करून ठेवावे, मोबाईलवरची वेळ लिहून ठेवावी आणि ते कधी थांबते ते पाहावे. एनएच३५ साठी उत्पादकाने सांगितलेला काळ सुमारे ४१ तासांचा आहे. पूर्ण भरलेले घड्याळ अडतीस-चाळीस तास चालत असेल, पण रोज हातात घालूनही सकाळी बंद सापडत असेल, तर दोष मेन स्प्रिंगकडचा नाही. रोटरकडून स्प्रिंग भरणारी यंत्रणा झिजली असेल, किंवा घालणारा माणूस दिवसभर खुर्चीतच बसून असेल. निवृत्त माणसाच्या मनगटावर ऑटोमॅटिक घड्याळ अर्धवट भरलेले राहणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यावर उपाय म्हणून मशीन बदलण्यात अर्थ नाही. याउलट पूर्ण भरूनही ते वीस-बावीस तासांत थांबत असेल, तर तेल सुकले आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा चक्रांच्या साखळीत कुठेतरी अडथळा आहे.

दुसरी चाचणी वेगवेगळ्या स्थितींची. घड्याळ एक रात्र डायल वर करून, दुसरी रात्र चावी खाली करून आणि तिसरी रात्र डायल खाली करून ठेवावे आणि प्रत्येक वेळी किती सेकंदांचा फरक पडला ते लिहावे. तिन्ही आकडे जवळजवळ असतील, तर मशीनची प्रकृती बरी आहे. एका स्थितीत ते दुसऱ्यापेक्षा खूपच मागे पडत असेल, तर बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलून चाल राखणाऱ्या चक्राच्या, धुरीची (आसाची) टोके झिजली असतील किंवा तिथले तेल गेले असेल.

झाकण उघडल्यावर काय पाहावे

निर्णयाचा खरा आधार इथे मिळतो. घड्याळजीने झाकण उघडल्यावर त्याचे भिंग मागून स्वतः एकदा आत पाहावे. चांगला कारागीर त्याला हरकत घेत नाही, उलट बोटाने दाखवतो.

पाणी आणि दमटपणा बहुतेक वेळा चावीच्या बाजूने आत येतो, म्हणून गंज प्रथम चावीच्या दांड्यावर दिसतो. दांडा बाहेर काढल्यावर त्याच्या मधल्या भागावर तांबूस कडी उमटलेली असते. त्यानंतर वेळ आणि तारीख लावणाऱ्या, चावीलगतच्या लहान पोलादी पट्ट्या गंजतात; मग चक्रांना वरून धरणाऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे पुलांचे, स्क्रू; आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत घातक, हेअर स्प्रिंग आणि चक्रांच्या धुरीची टोके. गंज या वाटेवर कुठपर्यंत पोचला आहे, त्यावर पुढचा खर्च ठरतो. तो फक्त दांड्यावर आणि चावीजवळच्या भागांवर असेल, तर नवा दांडा, नवी रबर रिंग आणि सर्व्हिसिंग एवढ्याने काम भागते. हेअर स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर एखादा जरी काळपट ठिपका असेल, तर ती घासून साफ करण्याच्या फंदात पडू नये. त्या जागी स्प्रिंगची जाडी बदललेली असते आणि घड्याळ पुन्हा कधी एका चालीत येत नाही. पितळी भागांवर हिरवट-पांढरी पूड दिसली, तर खारे पाणी प्रत्यक्ष आत गेले होते असे समजावे, मग मालक कितीही नाही म्हणो.

गंजाशिवाय झाकणाच्या आतल्या बाजूला अर्धगोलाकार ओरखडे आहेत का ते पाहावे. ते असतील तर रोटर झाकणाला घासतो आहे: त्याचा स्क्रू सैल आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. स्क्रू आवळणे किंवा रोटर बदलणे हा छोटा खर्च आहे, त्यासाठी पूर्ण मशीन टाकून देणे उधळपट्टी ठरेल. मात्र घासलेल्या धातूचा चुरा मशीनभर पसरलेला असेल, तर सर्व्हिसिंगशिवाय गत्यंतर नाही.

घड्याळजीकडे टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणारे यंत्र, असेल तर तीन आकडे विचारावेत. पहिला रोजचा फरक, दुसरा बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या वेळेतली असमानता, आणि तिसरा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चक्र मध्यापासून एका बाजूला किती अंश फिरते. त्याने यंत्रात लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनसाठी ठरलेला कोन, बरोबर घातला आहे का हेही विचारावे. ७एस२६ आणि एनएच३५ साठी तो ५३ अंश, मियोटाच्या ८२१५ साठी ४९ अंश आहे, आणि तो चुकला तर ॲम्प्लिट्यूडचा आकडा फसवा येतो. पूर्ण भरलेल्या, डायल वर असलेल्या स्थितीत स्वस्त सिको मशीनने अडीचशे अंशांच्या आसपास किंवा वर असावे. ते दोनशेच्या खाली रेंगाळत असेल, तर तेल संपले आहे. बीट एरर एक मिलिसेकंदाच्या आत असेल, तर त्याला हात लावू नये.

पैशांचा हिशेब

एनएच३५ सारखे नवे मशीन किरकोळीत काही हजार रुपयांत मिळते आणि पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्चही, काम नीट केले तर, त्याच घरात जातो. कारागिराचे तास महाग आणि स्वस्त मशीनला सारखेच लागतात. महागड्या स्विस मशीनचे सुटे करणे आणि स्वस्त जपानी मशीनचे सुटे करणे यांत श्रमांचा फरक फारसा नसतो. म्हणून चालू उत्पादनातल्या मशीनबाबत माझे मत स्पष्ट आहे: एनएच३५, एनएच३६ किंवा मियोटा ८२१५ असेल आणि आत गंज असेल किंवा ॲम्प्लिट्यूड पडलेले असेल, तर नवे मशीन घालावे. ते ठीक चालत असेल, तर पाच वर्षे झाली म्हणून सर्व्हिसिंगला देऊ नये. लक्षण दिसेपर्यंत वापरावे. चिनी २८१३ बाबत तर सर्व्हिसिंगचा विचारही करू नये.

नव्या मशीनच्या किमतीत मात्र बाकीचे खर्चही धरावेत. समजा मशीन साडेतीन हजारांचे आहे; त्यावर बसवण्याची मजुरी, दांडा कापून चावी जोडणे, रबर रिंगा आणि दाबाची चाचणी हे सारे आले, आणि काटे काढताना-बसवताना डायलला ओरखडा पडण्याची जोखीमही आली. दुसरीकडे ‘सर्व्हिसिंग पाचशे रुपयांत’ असे कुणी सांगत असेल, तर त्या कामात मशीन सुटे होत नसते. अख्खे मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वाळवायचे आणि वरून तेलाचे थेंब सोडायचे, असा तो प्रकार असतो. त्याने घड्याळ सुरू होते, पण सैल झालेली घाण धुरींची टोके ज्यांत फिरतात त्या खड्यांत जाऊन बसते आणि वर्षभरात तेच दुखणे परत येते. या दराशी नव्या मशीनची तुलना करून ‘सर्व्हिसिंग स्वस्त’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

जुन्या ७एस२६ ची गोष्ट थोडी निराळी. घड्याळ रोजच्या वापराचे असेल आणि मशीन गंजले असेल, तर एनएच३६ घालण्याचा पर्याय चांगला. चावीने भरण्याची आणि सेकंदकाटा थांबवण्याची सोयही मिळते. पण घड्याळ आजोबांनी आखातातून आणलेले असेल आणि मशीन फक्त सुकलेले असेल, तर सर्व्हिसिंगच करावे, जरी ते नव्या मशीनपेक्षा महाग पडले तरी. वारांच्या चकतीवर इंग्रजीसोबत अरबी असणे ही त्या घड्याळाची ओळख असते आणि नव्या मशीनबरोबर ती आपोआप येत नाही.

एचएमटीबाबत हिशेब पूर्ण उलटा होतो. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला सुरू झालेला तो कारखाना आता नाही. २०१६ मध्ये सरकारने घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. नवे मशीन मिळत नाही, सुटे भाग जुन्या बंद घड्याळांतून काढावे लागतात. म्हणून एचएमटी ऑटोमॅटिक चालू असतानाच, झीज होण्याआधी, ठरावीक वर्षांनी सर्व्हिसिंगला द्यावे. ज्याचे मशीन मुबलक मिळते ते झिजू द्यावे आणि ज्याचे मिळत नाही ते जपावे, असा हा व्यवहार आहे.

मशीन बदलायचे ठरल्यास

मापे आधी जुळवावीत. एनएच३५ चा व्यास २७.४ मिलिमीटर, मियोटा ८२१५ चा २६ मिलिमीटर. एकाच्या केसमध्ये दुसरे बसवण्यासाठी मधली कडी, डायलचे पाय, चावीची उंची आणि काट्यांची भोके हे सगळे बदलावे लागते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. सिकोच्या सेकंदकाट्याचे भोक ०.२० मिलिमीटरचे आणि ईटीए या स्विस उत्पादकाच्या २८२४ मशीनचे ०.२५ मिलिमीटरचे असते. एवढ्या फरकानेही काटा सैल बसून गळतो. सिको फाइव्हची चावी अनेकदा चारच्या आकड्याजवळ असते, आणि तिथे वाराची चकती त्या कोनाला जुळणारी नसेल, तर खिडकीत वार तिरका दिसतो. जुनी चकती नव्या मशीनला बसते का, हे घड्याळजीने डायल लावण्यापूर्वी ताडून पाहावे.

नवे मशीन न कापलेल्या दांड्यासह येते. दांडा थोडा थोडा कापून दर वेळी चावी बसवून पाहायची असते. एकदा जास्त कापला गेला तर नवा आणावा लागतो. काटे बसवण्याआधी तारीख बदलण्याची नेमकी वेळ शोधून तिथे काटे बाराला लावावेत, नाहीतर तारीख रात्री दोनला बदलत बसते. काम झाल्यावर तारीख पटकन बदलण्याची सोय रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत वापरू नये. बरीच नवी मशीन तारखेचे दाते मोडून घेऊन परत येतात, ती याच कारणाने.

सर्व्हिसिंग करायचे ठरल्यास

काम देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: मशीन पूर्ण सुटे करणार का, मेन स्प्रिंगचे पिंप उघडणार किंवा नवे घालणार का, आणि आधीचे व नंतरचे टाइमग्राफरचे आकडे दाखवणार का. जाणकार माणूस वेगवेगळ्या जागी वेगवेगळी तेले वापरतो. जलद फिरणाऱ्या चक्रांच्या टोकांना पातळ तेल, पिंपाजवळच्या जड चक्रांना दाट तेल, पॅलेटच्या, म्हणजे चक्रांची गती टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या भागाच्या, खड्यांना वेगळे घट्ट तेल, आणि पॅलेटच्या धुरीला मात्र काहीच नाही. त्याच्या टेबलावर तेलाची एकच बाटली असेल, तर तिथूनच परत फिरावे. पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा तो भाग स्पिरिटमध्ये भिजत टाकणाऱ्याकडेही घड्याळ देऊ नये.

रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळला असा कारागीर सापडला तर उत्तम. नसेल, तर घड्याळ मुंबईला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या विश्वासू माणसाबरोबर, मशीनचा क्रमांक आणि वरील चाचण्यांचे आकडे चिठ्ठीवर लिहून पाठवावे. चिठ्ठी असली की तिकडचा माणूस अंदाजाने काम करत नाही.

घड्याळात समुद्राचे पाणी गेले असेल, तर मात्र वाट पाहू नये. उन्हात किंवा तांदळात ठेवून पाणी सुकते, पण मीठ आतच राहते. त्याच दिवशी घड्याळ उघडून डायल आणि काटे वेगळे करून घ्यावेत. मशीन नवे मिळेल, मूळ डायल मिळणार नाही.

केस बंद करण्याआधी

झाकणाची आणि चावीची रबर रिंग दर वेळी नवी घालावी आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. चपटी झालेली किंवा चिकट झालेली रिंग पुन्हा वापरणे म्हणजे वरचा सगळा खर्च खाडीत टाकणे. मृगापासून गणपतीपर्यंतच्या दिवसांत, शक्य असेल तर, हे काम एसी चालू असलेल्या जागीच करून घ्यावे, कारण दमट हवेत बंद केलेल्या केसमध्ये तीच हवा कोंडली जाते. त्यानंतर कोरड्या हवेच्या दाबाची चाचणी करून घ्यावी. या चाचणीत घड्याळ पाण्यात बुडवत नाहीत, केस किती दबते यावरून गळती मोजतात. ॲक्रिलिक काचेच्या जुन्या एचएमटीकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये आणि ते पावसात घालू नये.

घरी आणल्यावर एक साधी तपासणी करता येते. घड्याळ हाताला कोमट लागेल इतके उबदार झाल्यावर काचेवर थंड पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवावा आणि पुसून पाहावे. काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसले, तर आत ओलावा आहे आणि घड्याळ त्याच आठवड्यात परत न्यावे. पहिल्या पंधरवड्यात स्थितींची चाचणी पुन्हा करून जुन्या आकड्यांशी ताडून पाहावी, कारण हमीच्या मुदतीत बोलायला हे आकडेच उपयोगी पडतात. बदललेले जुने मशीन घड्याळजीकडून मागून घ्यावे. त्यातले स्क्रू, रोटर आणि वार-तारखेच्या चकत्या पुढे कधीही कामी येतात. ते सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवून वर मशीनचा क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहावी.